हफेईचे ७०० कोटी युआन: सरकार खाजगी कंपनीत भागीदार होतं तेव्हा नेमकं काय होतं

२५ फेब्रुवारी २०२०. चीनमध्ये कोरोना ऐन भरात, शेजारच्या हुबेई प्रांतात वुहान कडेकोट बंद, आणि अशा वेळी आन्हुई प्रांताच्या राजधानीत, हफेईमध्ये, शहराचं सरकार एका बुडायला टेकलेल्या खाजगी कार कंपनीबरोबर गुंतवणुकीच्या प्राथमिक करारावर सह्या करत होतं. कंपनी होती निओ. इलेक्ट्रिक गाड्या बनवणारी, संस्थापक ली बिन, २०१८ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात ६.२६ डॉलरला आलेली आणि वर्षभरात दीड डॉलरच्याही खाली गेलेली.

चीनमध्ये सरकार आणि खाजगी भांडवल यांचं नातं काय आहे यावर आपल्याकडे दोनच मतं ऐकायला येतात. एक म्हणजे तिथे सगळं पक्षाच्या हातात आहे, खाजगी वगैरे नावालाच. दुसरं म्हणजे तो आता उघड भांडवलशाही देश आहे, लाल झेंडा तेवढा राहिलाय. मला ही दोन्ही मतं हफेईच्या या एका प्रकरणापुढे अपुरी वाटतात, म्हणून ते सविस्तर लिहितोय.

आधी निओची अवस्था बघू. २०१९ साली कंपनीने साधारण वीस हजार गाड्या विकल्या आणि तोटा झाला सुमारे १,१३० कोटी युआन (तेव्हा एक युआन म्हणजे दहा-अकरा रुपये धरा). जूनमध्ये बॅटरीला आग लागण्याच्या घटनांमुळे ४,८०३ गाड्या परत बोलवाव्या लागल्या, केंद्र सरकारने त्याच सुमाराला इलेक्ट्रिक गाड्यांची सबसिडी जोरात कापली, दोन हजारांच्या वर लोक कमी केले, शांघायमध्ये स्वतःचा कारखाना काढायचा प्लॅन होता तो गुंडाळला. बीजिंगच्या एका सरकारी गुंतवणूक कंपनीबरोबर मे २०१९ मध्ये १,००० कोटी युआनची प्राथमिक बोलणी जाहीर झाली होती, ती पुढे सरकलीच नाहीत. खाजगी गुंतवणूकदार तर केव्हाच मागे हटले होते. मार्केटच्या हिशोबाने ही कंपनी संपल्यात जमा होती.

आणि तिच्या गाड्या बनत कुठे होत्या? हफेईमध्येच, जेएसीच्या कारखान्यात. जेएसी ही आन्हुईची सरकारी कार कंपनी. निओकडे ना स्वतःचा कारखाना होता ना गाड्या बनवण्याचा परवाना, त्यामुळे जेएसीने निओसाठी खास प्लांट उभा केला, निओ प्रत्येक गाडीमागे जेएसीला पैसे द्यायची आणि पहिली तीन वर्षं त्या प्लांटला जो तोटा होईल तो भरून द्यायचंही करारात होतं. म्हणजे एप्रिल २०२० मध्ये पक्का करार झाला तेव्हा सरकारी पैसा 'आत आला' असं म्हणणं अर्धवट आहे, सरकार पहिल्या गाडीपासून आतच होतं, फक्त शेअरहोल्डर म्हणून नव्हतं. निओ बुडाली असती तर जेएसीचा प्लांट रिकामा पडला असता, तिथले कामगार घरी बसले असते, ते ओझं शेवटी आन्हुईच्याच डोक्यावर आलं असतं.

आता हफेईबद्दल, कारण हे शहर असं का वागतं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शांघाय, नानजिंगच्या तुलनेत हे बऱ्यापैकी मागे राहिलेलं शहर होतं, आन्हुई म्हणजे बाहेर मजुरीला जाणाऱ्यांचा प्रांत. (१९७८ मध्ये शियाओगांग गावच्या अठरा शेतकऱ्यांनी सामूहिक जमीन गुपचूप आपसात वाटून घेऊन कसायचा जो करार केला, ज्यातून पुढे शेती सुधारणा सुरू झाल्या असं मानलं जातं, तेही याच आन्हुईतलं.) हफेईत फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही भरपूर बनायचे, पण टीव्हीचा सगळ्यात महाग भाग म्हणजे पॅनल, तो बाहेरून यायचा. २००८ मध्ये, जागतिक मंदी चालू असताना, शहराने बीओई या पॅनल बनवणाऱ्या कंपनीला बोलावलं. सहाव्या पिढीची एलसीडी लाइन (पिढीचा आकडा जितका मोठा तितकी काच मोठी), खर्च १,७५० कोटी युआन, आणि गरज पडली तर त्यातले ९०० कोटींपर्यंत आम्ही उभे करू असं शहराने कबूल केलं. त्या वर्षी शहराचा एकूण महसूल ३,००० कोटींच्या आसपास होता. पैशासाठी मेट्रोचं काम लांबणीवर टाकलं गेलं. हफेईची पहिली मेट्रो लाइन सुरू झाली २०१६ च्या डिसेंबरमध्ये.

ही मेट्रोची गोष्ट हफेईचं कौतुक करताना नेहमी सांगितली जाते, बघा किती धाडस दाखवलं म्हणून. मला ती उलट्या बाजूने महत्त्वाची वाटते. रोज बसमध्ये लोंबकळत कामाला जाणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नव्हतं की बाबा तुझी मेट्रो थांबवून आम्ही टीव्हीच्या काचेत पैसे घालतोय, चालेल का? बीओईची लाइन २०१० च्या शेवटी सुरू झाली, चालली, मग आणखी मोठ्या लाइन आल्या, २०१७ च्या शेवटी साडेदहाव्या पिढीची जगातली पहिली लाइन हफेईत सुरू झाली, आजूबाजूला काच, केमिकल, फिल्म बनवणाऱ्या कंपन्या आल्या. डाव लागला. पण त्याच काळात शहराने प्लाझ्मा टीव्हीच्या पॅनलवरही पैसे लावले होते, ते तंत्रज्ञानच मागे पडलं आणि ते पैसे गेले, याची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही.

तर बीओईमधून शहराच्या सरकारला एक पद्धत सापडली. नुसती जमीन फुकट द्यायची, टॅक्स माफ करायचा, आणि कंपनी मोठी झाल्यावर ती टाटा करून दुसरीकडे जाणार, यापेक्षा शेअर घ्यायचे, कंपनी चालली की विकायचे आणि तोच पैसा पुढच्या कंपनीत घालायचा. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांना राज्य सरकार भागभांडवल देतं ते मराठी वाचकाला माहितीच आहे, पण त्यात आणि हफेईमध्ये मोठा फरक म्हणजे हफेईत बाहेर पडायचा रस्ता आत शिरण्याआधीच ठरवलेला असतो.

निओचं डील त्याच पद्धतीचं, आणि त्याच्या अटी नीट वाचल्या तर सरकारी नियंत्रण म्हणजे काय हे जास्त कळतं. पक्का करार झाला २९ एप्रिल २०२० ला. तीन सरकारी गुंतवणूकदार आले: हफेई शहराची कन्स्ट्रक्शन इन्व्हेस्टमेंट कंपनी, आन्हुई प्रांताची हाय-टेक गुंतवणूक कंपनी, आणि एक केंद्रीय सरकारी कंपन्यांशी जोडलेला फंड. म्हणजे शहर, प्रांत, केंद्र असे तिन्ही थर. मिळून ७०० कोटी युआन.

पण हा पैसा न्यूयॉर्कला लिस्ट झालेल्या निओमध्ये गेला नाही, आणि इथेच खरी मेख आहे. लिस्ट झालेली निओ ही कागदोपत्री केमन बेटांवरची (कॅरिबियनमधली, टॅक्स वाचवायला कंपन्या जिथे नोंदवतात ती बेटं) कंपनी, चीनमधल्या अनेक टेक कंपन्यांसारखीच. हफेईने सांगितलं की आम्ही त्या कंपनीत पैसे घालणार नाही, तुम्ही निओ चायना नावाची वेगळी कंपनी करा, तिचं मुख्यालय हफेईत, आणि निओचं जे काही खरं आहे, म्हणजे संशोधन, सप्लाय चेन, विक्री, सर्व्हिस, बॅटरी बदलायचं नेटवर्क, ते सगळं त्या कंपनीत टाका. या सगळ्या मालमत्तेची किंमत धरली १,७७७ कोटी युआन, तीही बाजारातल्या सरासरी भावावर सूट मारून, शिवाय निओने स्वतःचे ४२६ कोटी रोख घालायचे. वाटणी झाली निओ ७५.९ टक्के, सरकारी मंडळी २४.१ टक्के.

म्हणजे बघा, बहुमत खाजगी मालकाकडेच राहिलं. ली बिनच कंपनी चालवणार, गाडीचं डिझाइन काय, किंमत काय, शोरूम कुठे, यात सरकारने हात घालायचं कारण नव्हतं. पण कंपनीचा जीव केमन बेटांवरून उचलून चीनच्या जमिनीवर, तेही एका ठराविक शहरात, आणून ठेवला गेला. २४ टक्क्यांत एवढं मिळत असेल तर ५१ टक्के घ्यायचेच कशाला? सरकारी मालकीवर वाद घालणारे लोक टक्केवारी मोजत बसतात, आणि मालमत्ता कुठल्या कंपनीच्या नावावर आहे, ती कंपनी कुठल्या कायद्याखाली येते, हे बघतच नाहीत, माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

दुसरी अट. निओ चायनाने चार वर्षांत आयपीओसाठी अर्ज केला नाही किंवा पाच वर्षांत आयपीओ पूर्ण केला नाही, तर सरकारी गुंतवणूकदार निओला आपले शेअर परत घ्यायला लावू शकतात, आणि तेव्हा मुद्दल अधिक वर्षाला साडेआठ टक्के द्यायचे. म्हणजे दिसायला शेअर, पण खाली गेलं तर कर्जासारखं वागणारं. वर गेलं तर नफ्यात वाटा. एखाद्या कसलेल्या खाजगी फंडाने लिहावी तशी अट आहे ही, आणि ती कम्युनिस्ट पक्षाच्या अधिकाराखालच्या एका नगर सरकारने लिहून घेतलीय.

तिसरी गोष्ट करारात नाही पण करारापेक्षा मोठी आहे. जुलै २०२० मध्ये सहा बँकांनी निओ चायनाला मिळून १,०४० कोटी युआनची क्रेडिट लाइन दिली, म्हणजे तेवढ्यापर्यंत लागेल तसं कर्ज उचलायची सोय. चीनमध्ये मोठ्या बँका सरकारी आहेत. तीन महिन्यांपूर्वी ज्या कंपनीला कोणी दारात उभं करत नव्हतं तिला सहा बँका एकदम लोन द्यायला तयार झाल्या, कारण शहर, प्रांत आणि केंद्राचा पैसा आत गेलाय म्हणजे हिला पडू देणार नाहीत हे बँकेच्या साहेबांना न सांगता कळतं. ७०० कोटी युआन भांडवल म्हणून आले, पण त्याहून मोठी रक्कम त्या ७०० कोटींच्या सहीवर आली. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये चौदाव्या पक्ष काँग्रेसने 'समाजवादी बाजार अर्थव्यवस्था' हे शब्द अधिकृत केले, तेव्हापासून किमती, स्पर्धा, नफा, दिवाळं हे सगळं हळूहळू मार्केटवर गेलं, पण बँक आणि शहरी जमीन सरकारने हातातून सोडली नाही, आणि या दोन गोष्टी हातात असल्या की बाकीचं खाजगी असूनही पकड राहते.

पुढे काय झालं ते आकड्यांत पटकन सांगतो. २०२० मध्ये निओने ४३,७२८ गाड्या विकल्या, आदल्या वर्षीच्या दुप्पट. शेअर २०२१ च्या सुरुवातीला ६० डॉलरच्या वर गेला. निओने सरकारी मंडळींकडून शेअर परत विकत घ्यायला सुरुवात केली, फेब्रुवारी २०२१ मध्ये फक्त ३.३ टक्के हिस्सा ५५० कोटी युआनला घेतला. मूळ गुंतवणुकीत एक टक्का पडला होता साधारण २९ कोटींना, आता तो गेला १६६ कोटींना. (मधे नवीन भांडवल आल्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण अंदाज येतो.) २०२१ संपेपर्यंत निओ चायनामध्ये निओचा हिस्सा ९२ टक्क्यांवर गेला, सरकारी हिस्सा ८ टक्क्यांच्या खाली आला.

कंपनी मात्र हफेईतच राहिली. आणि एकटी नाही राहिली. २०२० च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने जेएसीबरोबरच्या जॉइंट व्हेंचरमध्ये आपला वाटा ७५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं, हफेईच्याच गोशन या बॅटरी कंपनीत सुमारे २६ टक्के घेतले, मग बीवायडीचा भलामोठा प्लांट आला. शहराने निओचे शेअर विकून पैसे कमावले हे खरं, पण मला वाटतं की शहराला खरी कमाई शेअरच्या भावातून झालीच नाही, ती झाली या सगळ्या सप्लायरांच्या रांगेतून, नोकऱ्यांमधून आणि पुढच्या वीस वर्षांच्या टॅक्समधून. खाजगी फंडाला ही कमाई दिसू शकत नाही कारण ती त्याच्या खिशात जातच नाही. म्हणूनच जिथे खाजगी पैसा नाही म्हणाला तिथे सरकारी पैसा हो म्हणू शकला, अधिकारी जास्त हुशार होते म्हणून नव्हे, दोघांच्या वह्याच वेगळ्या होत्या.

आता दुसरी बाजू, आणि ती लिहिल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होणार नाही, कारण हफेईच्या यशानंतर चीनमधल्या कितीतरी शहरांनी तेच करून बघितलं. नानजिंगची बायटन ही इलेक्ट्रिक कार कंपनी, मागे एफएडब्ल्यूसारखी सरकारी कार कंपनी, जुलै २०२० मध्ये काम बंद, बाजारात एकही गाडी नीट आली नाही. डब्ल्यूएम मोटर, तीही इलेक्ट्रिक गाड्यांचीच, तिच्यातही सरकारी पैसा होता, २०२३ मध्ये दिवाळखोरीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वुहानचा होंगशिन चिप कारखाना, १२,८०० कोटी युआनचा प्रोजेक्ट म्हणून गाजावाजा, पैसे संपले, जिल्हा सरकारने ताब्यात घेतला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत सगळ्या कामगारांना जायला सांगितलं. कायदे तेच, पक्ष तोच, बँका त्याच. फरक मला हा दिसतो की हफेई शक्यतो अशा उद्योगात शिरली ज्याची गिऱ्हाइकं किंवा कारखाने आधीच शहरात होते, बीओईसाठी टीव्हीवाले होते, निओसाठी जेएसी होती. बाकीच्यांनी फॅशन बघून उड्या मारल्या.

आणि सगळ्या शहरांना एकाच वेळी हीच दुर्बुद्धी का सुचली? कारण जमीन. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची, ती बिल्डरला भाडेपट्ट्याने देऊन स्थानिक सरकारं खर्च भागवायची. २०२१ मध्ये देशभरात यातून सुमारे ८.७ लाख कोटी युआन आले, मग घरबांधणीचा धंदा बसला आणि २०२४ मध्ये ते ४.९ लाख कोटींवर आलं. जवळजवळ निम्मं. मग प्रत्येक महापौराला वाटायला लागलं की आता शेअरमधूनच पैसा काढायचा, आणि प्रत्येकाला स्वतःची निओ पाहिजे. परिणाम काय, तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त कार कारखाने आणि गाड्यांच्या किमतींचं भयंकर युद्ध, ज्यात स्वतः निओही सापडली. तिकडे युरोपियन युनियनने या सगळ्याला सबसिडी म्हणत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा शुल्क लावलं. शेवटी केंद्रालाच ब्रेक मारावा लागला, १ ऑगस्ट २०२४ पासून स्थानिक सरकारांनी निवडक कंपन्यांना टॅक्समध्ये सवलती देण्यावर बंधनं आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं गेलं की फक्त बाहेरच्या कंपन्या ओढून आणण्यासाठी सरकारी गुंतवणूक फंड काढायचे नाहीत.

इथे मला हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई आठवतात. १९८५ मध्ये यांगत्झे नदीवर बाशान नावाच्या बोटीवर चिनी आणि परदेशी अर्थतज्ज्ञांची परिषद भरली होती, त्यात ते होते. त्यांचं म्हणणं असं की समाजवादी देशातल्या कंपनीचं बजेट मऊ असतं, तोटा झाला तरी सरकार सांभाळून घेईल हे तिला माहीत असतं, म्हणून ती कधी सुधारत नाही. हफेईने २०२० मध्ये साडेआठ टक्क्यांची अट घालून हेच बजेट कडक करायचा प्रयत्न केला होता, आणि मला तो प्रयत्न प्रामाणिक वाटतो.

पण निओचा तोटा थांबला नाही. २०२३ मध्ये सुमारे २,०७० कोटी युआन, २०२४ मध्ये सुमारे २,२४० कोटी. गाड्या वाढत होत्या, २०२४ मध्ये २,२१,९७० विकल्या, आणि तोटाही वाढत होता. मधे अबूधाबीच्या एका सरकारी गुंतवणूक कंपनीने दोन टप्प्यांत जवळपास तीनशे कोटी डॉलर घातले, तेही पुरले नाहीत. २०२३ च्या शेवटी निओने जेएसीकडून आपल्या गाड्या बनवणारे दोन प्लांट सुमारे ३१६ कोटी युआनला विकत घेतले, म्हणजे ज्या कारखान्यापासून ही गोष्ट सुरू झाली तो आता खाजगी मालकीचा झाला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी गुंतवणूकदार पुन्हा आले, त्यात हफेईवाले होतेच. ३३० कोटी युआन त्यांचे, १,००० कोटी निओने स्वतः घालायचे. निओचा हिस्सा ९२ वरून ८८.३ टक्क्यांवर येणार आणि बाकीच्यांचा, म्हणजे मुख्यतः सरकारी मंडळींचा, ११.७ वर जाणार असं ठरलं.

चार वर्षं उलटून गेली होती. निओ हाँगकाँगला लिस्ट झाली, सिंगापूरला लिस्ट झाली, पण निओ चायनाचा आयपीओ काही आला नाही. पैसे परत मागायची अट ज्या परिस्थितीसाठी लिहिली होती नेमकी तीच परिस्थिती समोर होती. पण आता त्या कंपनीवर हफेईचे हजारो कामगार आहेत, तिच्या भरवशावर आलेले सप्लायर आहेत, सरकारी बँकांची कर्जं आहेत, आणि अट वापरली तर सगळ्यात आधी खड्ड्यात जाणार ते शहरच. २०२० मध्ये निओला हफेईची गरज होती म्हणून ती अट लिहून घेता आली, आता हफेईलाही निओची तेवढीच गरज आहे, आणि म्हणून सही करायला बसले तेव्हा पैसे मागायच्या ऐवजी त्यांनी पैसे दिले.